गुलाबी फितीची गाठ



मंडळाच्या चिटणीसांनी फोनवर विषय विचारला, तेव्हा मी म्हटलं, अमेरिकेतल्या एका देणगीची गोष्ट सांगणार आहे. पलीकडून जरा वेळ आवाज आला नाही. मग ते चाचरत म्हणाले, "मॅडम, सिस्टरांच्या स्मृतिव्याख्यानात अमेरिका?" शंका रास्त होती. सिस्टर तालुक्याबाहेर फारशा गेल्याच नाहीत. पण ग्रामीण रुग्णालयात मी त्यांच्याबरोबर अकरा वर्षं काढली आहेत, आणि ही अमेरिकेतली गोष्ट वाचताना मला सारखी त्यांची एक वही आठवत होती. वहीकडे शेवटी येते. आधी अमेरिका.

इलिनॉय राज्यातल्या पिओरिया गावच्या सुझन कोमेन १९८० साली स्तनाच्या कर्करोगाने गेल्या. वय छत्तीस. या रोगासाठी काहीतरी करीन, असा शब्द धाकट्या बहिणीने, नॅन्सी ब्रिंकरने, त्यांना दिला होता. १९८२ साली तिने डॅलसमध्ये बहिणीच्या नावाने संस्था काढली. भांडवल काय, तर दोनशे डॉलर, आणि बुटांच्या खोक्यात ठेवलेली, देणगी देऊ शकतील अशा लोकांची नावं. दुसऱ्याच वर्षी डॅलसमध्ये पहिली दौड झाली, तिला आठशे जणी आल्या. पुढे या दौडी गावोगाव पसरल्या. तुमच्यापैकी ज्यांच्या मुली-सुना तिकडे आहेत, त्यांच्या फोनवर ऑक्टोबरात गुलाबी टी-शर्टातले फोटो येत असतील. त्यातले काही याच संस्थेच्या कार्यक्रमांचे असतील.

ब्रिंकरबाई साध्या असामी नव्हत्या. पती मोठे उपाहारगृहवाले, स्वतः रिपब्लिकन पक्षाच्या देणगीदार. धाकट्या बुश यांनी त्यांना हंगेरीत राजदूत म्हणून पाठवलं. पण २००९ साली देशाचा सर्वोच्च नागरी सन्मान त्यांच्या गळ्यात घातला तो ओबामांनी. म्हणजे दोन्ही घरी ज्यांचं पान मांडलेलं असतं, अशा त्या बाई. स्तनाचा कर्करोग हा विषयच असा होता की त्यावर दोन पक्षांचं एकमत असायचं. या एकमतावर संस्थेचा सगळा डोलारा उभा होता.

आता दुसरी संस्था, प्लॅन्ड पॅरेंटहूड. हिचं मूळ १९१६ साली मार्गारेट सँगर यांनी ब्रुकलिनमध्ये उघडलेल्या संततिनियमनाच्या दवाखान्यात आहे. दवाखाना उघडल्यावर थोड्याच दिवसांत पोलीस आले आणि बाई तुरुंगात गेल्या. आज ही संस्था देशभर दवाखाने चालवते. तिथे येणाऱ्या बायका बहुतेक गरीब, पुष्कळ जणींकडे विमा नाही. गर्भनिरोधकं, गुप्तरोगांच्या तपासण्या, गर्भाशयमुखाची तपासणी, स्तनतपासणी, आणि गर्भपात. या शेवटच्या शब्दावरून अमेरिकेत घरं फुटतात, निवडणुका फिरतात. आपल्याकडे १९७१ साली गर्भपाताचा कायदा झाला तो असुरक्षित गर्भपातांच्या आणि लोकसंख्येच्या काळजीपोटी, फारसा आवाज न होता. त्यामुळे तिकडच्या या भांडणाची धग आपल्याला नीट कळत नाही.

कोमेन संस्था प्लॅन्ड पॅरेंटहूडच्या काही शाखांना स्तनतपासणीपुरतं अनुदान देत असे. २०१० साली सुमारे ५ लाख ८० हजार डॉलर, २०११ साली सुमारे ६ लाख ८० हजार. कोमेनच्या पसाऱ्यात ही रक्कम चिल्लर होती. या पैशातून पाच वर्षांत सुमारे १ लाख ७० हजार वेळा हाताने तपासणी झाली आणि ६,४०० जणींना मॅमोग्राफीसाठी पुढे पाठवलं गेलं.

हाताने तपासणी म्हणजे काय, हे समोरच्या पुरुष मंडळींसाठी सांगते. बाईला उताणं झोपवतात, एक हात डोक्याखाली घ्यायला सांगतात. तपासणारीने मधल्या तीन बोटांच्या पेरांनी, आधी हलकं मग जरा दाबून, वरून खाली सरकत जायचं. काखेत शिरायचं, गळपट्टीच्या हाडापर्यंत यायचं. नीट केलं तर बरीच मिनिटं जातात. यंत्र लागत नाही, वीजही लागत नाही. लागतो तो आडोसा, आणि बाईने ब्लाउजची बटणं काढावीत इतका विश्वास. गाठ लागली तर तपासणारी एक चिठ्ठी लिहून देते, आणि मॅमोग्राफी दुसरीकडे होते. प्लॅन्ड पॅरेंटहूडच्या दवाखान्यांत बहुतेक ठिकाणी हे यंत्र नव्हतंच. ते काम करायचे ते हाताचं आणि चिठ्ठीचं. हे ध्यानात ठेवा, कारण पुढे याच गोष्टीचा आधार घेतला गेला.

विरोध एकाएकी उठला नाही. कोमेनच्या दौडीला वर्गणी देऊ नका, असं काही कॅथलिक बिशप सांगू लागले होते. २०११ च्या अखेरीस तर मजाच झाली. एका ख्रिस्ती प्रकाशनसंस्थेने गुलाबी बांधणीचं बायबल काढलं होतं, प्रत्येक प्रतीमागे एक डॉलर कोमेनला. आपला डॉलर फिरत फिरत कुठे पोचतो हे कळल्यावर त्यांनी दुकानांतून ती बायबलं परत मागवली. या लोकांचं म्हणणं थोडक्यात असं: पैशाला रंग नसतो. तुम्ही तपासणीचा खर्च उचलला की त्या संस्थेचा तेवढा पैसा गर्भपाताला मोकळा होतो. हा युक्तिवाद मला पटत नाही, पण तो खोटेपणाचा आहे असंही मी म्हणणार नाही. आपल्या विवेकाला न पटणाऱ्या दारात आपला रुपया जाऊ नये, असं वाटायचा हक्क देणाऱ्याला आहे.

त्याच वर्षी सप्टेंबरात फ्लोरिडाचे रिपब्लिकन खासदार क्लिफ स्टर्न्स यांनी प्लॅन्ड पॅरेंटहूडची संसदीय चौकशी सुरू केली. सरकारी पैसा गर्भपाताकडे वळतो का, हे त्यांना पाहायचं होतं. १९७६ च्या हाइड दुरुस्तीने केंद्राचा पैसा गर्भपाताला जवळपास बंद आहे, म्हणून हा प्रश्न. नोव्हेंबरात कोमेनच्या संचालकांनी नवा नियम केला: ज्या संस्थेची सरकारी चौकशी चालू आहे, तिला अनुदान नाही. कोणत्याही सरकारची, कोणत्याही पातळीवरची चौकशी. ऐकायला किती स्वच्छ! आपल्याकडच्या कोणत्याही विश्वस्त मंडळाने टाळ्या वाजवून मंजूर करावा असा ठराव. धोरणविभागात त्या वर्षीच आलेल्या उपाध्यक्ष होत्या कॅरन हँडल. आदल्या वर्षी जॉर्जियाच्या राज्यपालपदासाठी रिपब्लिकन उमेदवारी मागताना त्यांनी प्लॅन्ड पॅरेंटहूडला उघड विरोध केला होता. उलट, सामुदायिक आरोग्य-कार्यक्रमांची जबाबदारी ज्यांच्याकडे होती त्या मॉली विल्यम्स यांनी राजीनामा दिला.

बाहेर यातलं काही कळलं नव्हतं. ३१ जानेवारी २०१२, मंगळवार, असोसिएटेड प्रेसने प्लॅन्ड पॅरेंटहूडचं अनुदान थांबल्याची बातमी दिली आणि रान पेटलं. बुधवारी-गुरुवारी कोमेनच्या फेसबुकच्या पानावर संतापाचा पाऊस. कॅलिफोर्निया, कनेटिकट, डेन्व्हर इथल्या कोमेनच्याच शाखा म्हणाल्या, आम्हाला हे मान्य नाही. २६ सिनेटरांनी पत्र लिहिलं. न्यूयॉर्कचे महापौर ब्लूमबर्ग यांनी खिशातले अडीच लाख डॉलर प्लॅन्ड पॅरेंटहूडला देऊ केले, आणि तीन दिवसांत त्या संस्थेकडे सुमारे ३० लाख डॉलर जमले. गेले होते सात लाखांच्या आत!

तेवढ्यात कुणीतरी नियम उलटा धरून पाहिला. पेन स्टेट विद्यापीठाच्या वैद्यकीय केंद्राला कोमेनने ७५ लाख डॉलरचं संशोधन अनुदान दिलेलं होतं, आणि त्या विद्यापीठाची मुलांच्या लैंगिक शोषणाच्या भयंकर प्रकरणात सरकारी चौकशी चालू होती. ते अनुदान चालू राहिलं. मग ब्रिंकरबाई दूरचित्रवाणीवर आल्या आणि कारणच बदललं. चौकशीचा मुद्दा मागे पडला. आता म्हणे, या दवाखान्यांत मॅमोग्राफी होत नाही, ते नुसती चिठ्ठी देतात, आम्हाला थेट सेवा देणाऱ्या संस्था हव्या आहेत. पाच वर्षं हीच चिठ्ठी त्यांच्या पैशातून लिहिली जात होती, तेव्हा ती चालत होती.

शुक्रवारी, ३ फेब्रुवारीला, कोमेनने माफी मागितली. यापुढे चौकशी फौजदारी आणि निर्णायक स्वरूपाची असेल, राजकीय नसेल, तरच अनुदान थांबेल. म्हणजे आधीची राजकीय होती, हे त्यांनीच कागदावर दिलं. मंगळवारी हँडल यांनी राजीनामा दिला, सप्टेंबरात आपल्या बाजूचं पुस्तकही काढलं. पाच वर्षांनी त्या खासदार झाल्या, ते वेगळं. ब्रिंकरबाई ऑगस्टमध्ये मुख्याधिकारीपद सोडत असल्याचं जाहीर झालं. पुढच्या आर्थिक वर्षात कोमेनच्या देणग्या आणि प्रायोजकत्व सुमारे २२ टक्क्यांनी घसरलं. तीन दिवसांची पदयात्रा चौदा शहरांत निघायची, त्यातल्या सात शहरांतली बंद करावी लागली. गर्भपातविरोधक म्हणाले, शेपूट घातली. समर्थक म्हणाले, यांचा भरवसा नाही. तेलही गेलं, तूपही गेलं.

माझं मत विचाराल तर सांगते. कोमेनने "आम्हाला गर्भपात करणाऱ्या संस्थेशी संबंध नको" असं उघड म्हटलं असतं, तर मी चिडले असते, पण त्यांना लबाड म्हटलं नसतं. त्यांनी एका संस्थेचं नाव डोळ्यांसमोर ठेवून सर्वांसाठी नियम केला. अशा नियमाला आपल्या गावाकडे काय म्हणतात ते तुम्हाला माहीत आहे. टेंडरच्या अटी एकाच कंत्राटदाराच्या मापाने शिवलेल्या असतात ना, त्यातलाच हा प्रकार. फरक इतकाच की इथे अटी एकीला बाहेर ठेवण्यासाठी शिवल्या होत्या.

या ठिकाणी मला फितीविषयी थोडं बोलायचं आहे. गुलाबी फीत कोमेनने १९९१ मध्ये न्यूयॉर्कच्या दौडीत वाटली, हे खरं. पण त्याच सुमाराला कॅलिफोर्नियात शार्लट हेली नावाच्या वयस्कर बाई घरी बसून पीच रंगाच्या, म्हणजे फिकट नारिंगी, फिती बांधत होत्या. घरात कर्करोग पाहिलेला. प्रत्येक फितीबरोबर एक कार्ड: राष्ट्रीय कर्करोग संस्थेचं वर्षाचं अंदाजपत्रक १८० कोटी डॉलर, त्यातले फक्त पाच टक्के प्रतिबंधासाठी, सरकारला जागं करायला ही फीत लावा. 'सेल्फ' या मासिकाने आणि एस्टे लॉडर या प्रसाधनांच्या कंपनीने त्यांच्याकडे फीत मागितली. हेलीबाई म्हणाल्या, नको, तुम्ही धंदेवाईक आहात. वकिलांनी सल्ला दिला, रंग बदला. रंग गुलाबी झाला, आणि कार्ड गळालं.

मला वाटतं, २०१२ च्या भांडणाचं बी इथे आहे. हेलीबाईंची फीत राजकीय होती. तिच्यावर सरकारला विचारलेला प्रश्न होता, आकड्यासकट. तो काढून टाकल्यावर फीत कशावरही बांधता येऊ लागली. २०१० साली केएफसीच्या तळलेल्या कोंबडीच्या गुलाबी बादल्या निघाल्या, बादलीमागे पन्नास सेंट कोमेनला. कोंबडीला चालली, बायबलला चालली. सगळ्यांना चालेल अशी वस्तू करताना, गरीब बाईच्या तपासणीचे पैसे कोणी द्यायचे, हा प्रश्न विचारणारं कुणी उरलं नाही. त्याचं उत्तर तेव्हाही राजकारणातच होतं. अमेरिकेच्या केंद्र सरकारने १९९० मध्ये कायदा करून विमा नसलेल्या बायकांसाठी स्तन व गर्भाशयमुख तपासणीचा कार्यक्रम सुरू केला, तो राजकारणामुळेच. आणि जुलै २०२५ मध्ये नव्या कायद्याने प्लॅन्ड पॅरेंटहूडला गरिबांच्या सरकारी विम्याचे पैसे वर्षभर बंद झाले, तेही राजकारणामुळेच. कोमेनच्या सात लाखांपुढे तो पैसा कितीतरी पट मोठा.

आता चिटणीसांचा प्रश्न. आपला काय संबंध? सँगरबाई १९३५ च्या डिसेंबरात वर्ध्याला गांधीजींना भेटून गेल्या. दोघांचं जमलं नाही, गांधीजी संयमाच्या पुढे यायला तयार नव्हते. त्याआधी चौदा वर्षं, १९२१ मध्ये, रघुनाथ धोंडो कर्व्यांनी मुंबईत संततिनियमनाचं केंद्र काढलं होतं आणि त्यापायी विल्सन कॉलेजातली प्राध्यापकी घालवली होती. जगातल्या कुटुंबनियोजन संस्थांचा महासंघही १९५२ मध्ये मुंबईतच जन्मला.

याहून जवळची गोष्ट तपासणीची आहे. हाताने केलेल्या स्तनतपासणीचा उपयोग होतो का, याचा सर्वांत मोठा पुरावा मुंबईच्या झोपडपट्ट्यांतून आला आहे. टाटा मेमोरियलच्या डॉ. इंद्रनील मित्रा आणि सहकाऱ्यांनी १९९८ पासून १,५१,५३८ बायकांवर वीस वर्षं हा अभ्यास केला. तपासायला डॉक्टर नव्हते, शिकवून तयार केलेल्या आरोग्यसेविका होत्या. २०२१ मध्ये निष्कर्ष आले: गाठ लवकरच्या टप्प्यात सापडते, आणि पन्नाशीपुढच्या बायकांत या रोगाचे मृत्यू सुमारे तीस टक्क्यांनी कमी होतात. पन्नाशीच्या आत तसा फायदा दिसला नाही. म्हणजे ज्या कामाला ब्रिंकरबाईंनी नुसती चिठ्ठी म्हटलं, त्याची किंमत आपल्याच बायकांनी सिद्ध केली.

पण तेवढंच सांगून थांबले तर मीही गुलाबी फीतच लावली असं होईल. याच मुंबईत टाटाने गर्भाशयमुखाच्या तपासणीचाही अभ्यास केला, पैसा अमेरिकेच्या राष्ट्रीय कर्करोग संस्थेचा. इकडे उस्मानाबाद जिल्ह्यात, आताचा धाराशिव, बार्शीच्या नर्गिस दत्त रुग्णालयाच्या मदतीने सव्वा लाखावर बायकांचा अभ्यास झाला, पैसा गेट्स प्रतिष्ठानचा. दोन्हींतून मोलाचं ज्ञान मिळालं. व्हिनेगरसारखं पातळ आम्ल आणि उघडा डोळा एवढ्यावर मुंबईत मृत्यू ३१ टक्क्यांनी घटले. पण तुलनेसाठी हजारो बायका तपासणीविना ठेवल्या होत्या. भारतातल्या अशा अभ्यासांच्या बिनतपासणीच्या गटांत गर्भाशयमुखाच्या कर्करोगाने २५४ बायका गेल्या, हा आकडा एरिक सुबा या अमेरिकन डॉक्टरांनी मांडला तेव्हा मोठा वाद झाला. संशोधकांचं उत्तर होतं की इथे तपासणी नसणं हीच तेव्हाची रीत होती. उत्तर खरं आहे. आणि तेच मला झोपू देत नाही. आपल्याकडे अशी रीत होती, म्हणून परदेशी पैशाला तशी तुलना करता आली.

रीत पुढेही लगेच फार बदलली नाही. २०१६ मध्ये केंद्राने तीस ते पासष्ट वयाच्या सर्वांसाठी तपासणीची मार्गदर्शक तत्त्वं काढली. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत, तीस ते एकोणपन्नास वयाच्या ज्या बायकांची स्तनतपासणी एकदा तरी झाली होती, त्यांचं प्रमाण देशात ०.९ टक्के निघालं. शंभरात एकही नाही.

तेव्हा वही. आमच्याकडे शिबिरं व्हायची. शाळेचा वर्ग, बाकं एका बाजूला ढकललेली, दोरीवर चादरी. बाहेर फ्लेक्स, त्यावर देणगीदाराचा फोटो तपासणीच्या तक्त्यापेक्षा मोठा. एका वर्षी एका सेवाभावी मंडळाचं शिबिर झालं, तीनशेवर बायका तपासल्या, सत्काराला दीड तास गेला. गाठ लागलेल्या नऊ जणींना मी चिठ्ठ्या दिल्या. पुढच्या सोमवारी ओपीडीत त्यातली एक आली, पोराला ताप होता म्हणून. चिठ्ठी रेशनकार्डाच्या प्लास्टिकच्या पिशवीत जपून ठेवलेली. "जपून ठिवलीया की," म्हणाली. ती चिठ्ठी घेऊन जिल्ह्याला जायचं असतं, हे तिला कोणी सांगितलंच नव्हतं. म्हणजे मीच सांगितलं नव्हतं.

त्या संध्याकाळी सिस्टरांनी शंभरपानी वही आणली आणि पट्टीने रकाने आखले. नाव, गाव, चिठ्ठी कुठली, कोणाबरोबर जाणार. शेवटचा रकाना, "गेली का?" तो भरेपर्यंत त्या गप्प बसत नसत. बाजारच्या दिवशी एसटी स्टँडवर उभ्या राहून त्या गावच्या बाईला निरोप देत, सासूला गाठत, एकदा एका नवऱ्याला सिव्हिलपर्यंत स्वतः घेऊन गेल्या. नऊपैकी सात पोचल्या. दोघींचा रकाना कोराच राहिला, आणि त्या दोघींची नावं सिस्टरांना निवृत्तीनंतरही पाठ होती.

२०१२ च्या त्या चार दिवसांतल्या बातम्या मी नंतर पुष्कळ वाचल्या. १ लाख ७० हजार तपासण्या हा आकडा त्यांत सारखा येत होता. ६,४०० चिठ्ठ्या कोमेनच्या लेखी थेट सेवा नव्हत्या, कोमेनवर टीका करणाऱ्यांच्या लेखी त्या सेवाच होत्या. त्या ६,४०० जणींपैकी यंत्रापर्यंत किती पोचल्या, हे त्या भांडणात कुणी कुणाला विचारल्याचं मला आढळलं नाही.

मंडळाला एक विनंती करते आणि थांबते. पुढच्या महिन्यात तुमचं तपासणी शिबिर आहे, फ्लेक्स मी येताना पाहिला. देणगीदाराचा फोटो ठेवा, माझी हरकत नाही. पण वार्षिक अहवालात "इतक्या महिलांची तपासणी" या ओळीखाली आणखी एक ओळ छापा: चिठ्ठी किती जणींना दिली, आणि त्यातल्या किती पोचल्या. वही मी घेऊन आले आहे, सिस्टरांच्या हस्ताक्षरातली. रकाने कसे आखायचे ते तीत पाहून घ्या.